गुत्ता नव्हे, खाणावळ

गेल्या महिन्यात ठाण्याला एका हॉलमध्ये आम्ही जुने जेद्दावाले जमलो होतो. सगळ्यांचे केस पांढरे, निम्म्यांचे गुडघे बदललेले आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो. पानं वाढून झाली होती. तेवढ्यात आमच्या तिथल्या मराठी मंडळाचे त्या वेळचे सेक्रेटरी मोठ्या आवाजात म्हणाले, "अरे, तो बलदमधला गुत्तेवाला म्हातारा आठवतो का? शेवटी पाठवलाच ना त्याला परत!" आणि टेबलभर हशा पिकला.

मी ताटावरून उठलो. बायको मागोमाग आली आणि म्हणाली, "असं भरल्या ताटावरून उठतात का?" मी म्हणालो, "आठ वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं त्याला गुत्तेवाला म्हणतात, तिथे बसून श्रीखंड खायचं?" मी रिक्षा बोलावली आणि आम्ही घरी आलो. हा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये अशीच माझी इच्छा आहे. तसं उठायचा मला कितपत हक्क होता, तेही या लेखात सांगणार आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. अब्बासचाचा गुत्तेवाले नव्हते. दारू त्यांनी कधी विकली नाही, चाखली नाही, तिचं नावही ते घेत नसत. घ्यायची वेळ आलीच तर "ती घाण" म्हणत. त्यांची खाणावळ होती. बलद म्हणजे जेद्दाचं जुनं गाव. तिथे सोन्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत समुद्रातल्या दगडाचं एक तीन मजली घर होतं, एका अंगाला कललेलं, पुढे आलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्यांचं. हाजी बोटीने येत त्या काळात कोकणातले यात्रेकरू या घरात उतरायचे आणि चाचांचे चुलते खालच्या मजल्यावर त्यांच्यासाठी भात-कालवण रांधायचे. पुढे विमानं आली, हाजी मोठ्या इमारतींत उतरू लागले, चुलते गेले. चूल तेवढी राहिली आणि तिच्यापाशी अब्बासचाचा राहिले. विशी उलटताच दाभोळच्या खाडीवरून ते जेद्दाला आले होते. मी त्यांना पाहिलं तेव्हा साठीला टेकले होते.

आत शिरल्यावर डोक्यावर एक काळी तुळई होती. तिच्यावर त्या जुन्या हाजींनी चाकूने आपापल्या गावांची नावं कोरून ठेवलेली. हर्णै, बुरोंडी, बाणकोट, श्रीवर्धन, म्हसळा. काही उर्दूत, काही बाळबोध, दोन-तीन चक्क मोडीत. एकाने कॅलेंडर लावायला तिथे खिळा ठोकायला घेतला तर चाचा कढई सोडून धावत आले होते. "तिथं माझा गाव हाय," ते म्हणाले. "गावाला खिळा ठोकतंस?" त्या माणसाने कॅलेंडर गुंडाळून घरी नेलं.

मला तिथे पहिल्यांदा नेलं ते सलीमने. सलीम आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, चाचांच्याच गावचा. मी नुकता साताऱ्याहून आलेला, कॅन्टीनच्या भाताला विटलेला. मी बसलो आणि सवयीने म्हणालो, "मेनू कार्ड आहे का?" चाचांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि मला नीट न्याहाळून विचारलं, "काय खाणार?"

मी मासे म्हणालो, मासे आले. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हाही त्यांनी विचारलं, "काय खाणार?" तिसऱ्या वेळी मला सणसणीत सर्दी झाली होती. मी बसतोय न बसतोय तोच समोर कुळथाचं कढत सार आणि तांदळाची भाकरी आली. मी म्हणालो, "चाचा, मी काही सांगितलंच नाही." ते म्हणाले, "नाक बोलतंय तुझा. विचारून वाढायला हे हाटेल हाय?" जेवून बाहेर पडल्यावर सलीमने समजावलं. "साब, चाचा 'काय खाणार' फक्त परक्याला विचारतात. ज्याला विचारायचं बंद केलं, तो घरचा झाला." इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हातात पडला तेव्हासुद्धा झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला. त्यानंतर आठ वर्षं मी तिथे काही मागितलं नाही. चाचा तोंडाकडे बघायचे आणि वाढायचे. घरून पत्र आलं नसेल तर ते त्यांना कळायचं, आणि त्या दिवशी नारळाचं दूध जरा जास्त गोड असायचं.

त्यांची खासियत सांदण. आमच्याकडे आंब्याफणसाचा रस घालून करतात ते नव्हे. कोकणी मुसलमानांचं सांदण म्हणजे तांदळाचं पीठ आंबवून, वाट्यांमध्ये घालून वाफवलेलं. पांढरंशुभ्र, जाळीदार, हलकं. गावाकडे ते पीठ माडीने फुगवायचे. चाचांच्या चुलत्यांनी इथे आल्यावर माडीचं नाव टाकलं आणि खजुराच्या पाण्यात तांदूळ भिजवून आपलं आंबवण तयार केलं. रोज थोडं वापरायचं, थोडं मागे ठेवून त्यात नवं पीठ घालायचं. ते आंबवण चुलत्यांच्या काळापासून एका चिनी मातीच्या बरणीत अखंड जिवंत होतं. त्याला चाचा खमीर म्हणत, आणि लाडात असले की "बुढी". बरणीवर एक जुनं मलमलीचं फडकं बांधलेलं असायचं.

बुढीपुढे कुणाची मातब्बरी चालायची नाही. "आज सांदण नाय. बुढी उठली नाय अजून," हे त्यांनी एकदा सांगितलं की खलास. एका बड्या ठेकेदाराने एकदा गाडी पाठवली होती. आपलाच माणूस, रत्नागिरीकडचा. घरी पार्टी होती आणि तासाभरात दोनशे सांदणं हवी होती. चाचा म्हणाले, "सकाळी या." ठेकेदाराच्या माणसाने अक्कल शिकवली, "चाचा, सोडा मारा ना थोडा. कोण बघतंय?" चाचा लाल झाले. "बुढी बघतेय," ते म्हणाले. "सोडा कपड्याला मार. यल्ला, चल." गाडी रिकामी परत गेली. एवढं बोलून त्यांचा राग संपला नाही. ते संध्याकाळपर्यंत येईल त्याला सांगत होते, सोडा घाल म्हणतो, सोडा.

असा त्यांना राग येत असे. ताटात टाकलेल्या अन्नाचा, कपाळाला आठ्या घालून जेवणाऱ्यांचा, रेडिओचा. तांबड्या समुद्रातल्या माशांची लोक अरबी नावं घेत त्याचाही. हमूर मागितला की म्हणायचे, "गोबरा म्हण, तुझी जीभ झडत नाय." पण त्यांचा राग कधी माणसाच्या पोटावर आला नाही. ज्याला शिव्या दिल्या त्याला दुप्पट वाढायचे.

आमचे सेक्रेटरीसाहेब पक्के शाकाहारी. ते खाणावळीत यायला बिचकत होते. ते पहिल्यांदा आले तेव्हा चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आतून एक नवी कोरी कढई आणि पातेलं काढलं. दोन्हींच्या कड्यांना लाल दोरा बांधला आणि खुंटीवर वेगळी टांगून ठेवली. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या कढईत पुढे सहा वर्षं दुसरं काही शिजलं नाही. सेक्रेटरीसाहेब आले की चाचा आधी हात धुवायचे, मग ती कढई उतरवायचे. मी हे मुद्दाम लिहितो आहे. ठाण्याच्या हॉलमध्ये तो विनोद झाला तेव्हा त्या लाल दोऱ्याची आठवण टेबलावर एकालाही झाली नाही.

आता त्या शब्दाचं. तो माझा.

एका शुक्रवारी आम्ही आठ-दहा जण दुपारपासून तिथे बसलो होतो. दार उघडलं की बुढीचा आंबूस वास यायचा. स्टीलच्या ग्लासांतून आमसुलाचं लाल सार पुन्हा पुन्हा भरून येत होतं, कुणी गाणी म्हणत होतं, कुणी बायकोच्या आठवणीने डोळे पुसत होतं. मी म्हणालो, "काय चाललंय हे? बघणाऱ्याला वाटेल गुत्त्यात बसलोय." सगळे पोट धरून हसले. ज्या देशात दारूचा वासही चालत नाही तिथे आपला गुत्ता, यात आम्हाला भारी मौज वाटली. त्या दिवसापासून नाव पडलं. "संध्याकाळी गुत्त्यावर ये," "काल गुत्त्यावर सांदण फर्मास होतं." कोकणातल्या माणसाला गुत्ता म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. चाचांनीही तो शब्द ऐकला. दोन दिवसांनी मी एकटा असताना ते समोर येऊन बसले. "इंजनेर," ते मला असंच हाक मारायचे, "मस्करी हाय ना?"

"हो चाचा, गंमत हो नुसती."

"मंग ती दाराच्या आत ठेव. बाहेर नेव नको."

एवढंच म्हणाले आणि वाटीत गूळ आणून ठेवला. मी मान डोलावली. बाहेर नेऊ नको म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग ती लढाई आली. नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेत गेलं आणि पुढचे पाच महिने जो तो हवेत कान देऊन बसला. जेद्दा त्या मानाने लांब, त्यामुळे जानेवारीत रियाध-दम्मामकडची आपली माणसं गाड्या भरून आमच्याकडे येऊ लागली. बायका, तान्ही मुलं, पाण्याचे कॅन, उशा. कित्येकांकडे दुसऱ्या शहरात जायला लागणारं कफीलचं, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाचं, पत्रही नव्हतं. हॉटेलं भरलेली, आणि पत्राशिवाय खोली मिळत नव्हती. आमच्या मंडळाने तातडीची बैठक घेऊन चिंता व्यक्त केली. चाचांनी वरच्या मजल्यावरच्या हाजींच्या खोल्या झाडून घेतल्या.

चौदा माणसं वर राहिली. त्यात रियाधच्या एका बँकवाल्याचं कुटुंब होतं, त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी काही केल्या जेवेना. आईने मराठीत विचारलं की ती इंग्रजीत नाही म्हणायची. दोन रात्री सायरन ऐकून ती पोर भेदरली होती. चाचा तिच्यासमोर उकिडवे बसले. तिलाही त्यांनी काय खाणार म्हणून विचारलं नाही. तिचा हात धरून तिला बरणीपाशी नेलं, फडकं सोडलं आणि तिचा कान बरणीला लावला. आंबवण फसफसत होतं. "बुढी बोलतेय," ते म्हणाले. "काय म्हणतेय?" पोरगी बराच वेळ ऐकत राहिली आणि मराठीत म्हणाली, "भूक लागली म्हणते." त्या दिवशी तिने तीन सांदणं खाल्ली.

लोक खिडक्यांना टेप लावत होते. विषारी गॅस आला तर काय, म्हणून फटी बुजवत होते. सलीमने चाचांनाही टेप आणून दिली. त्यांनी स्वयंपाकघराला लावू दिली नाही. "बुढीला हवा लागते," म्हणाले. कुणी रेडिओवर बातम्या मोठ्याने लावल्या की खेकसायचे, "बंद कर, पीठ बसेल." शहरात सायरनची चाचणी झाली त्या दिवशी सांदणं खरंच चपटी झाली. चाचा दिवसभर सायरनवाल्यांवर उखडलेले होते. लढाईचा त्यांना सगळ्यात जास्त आलेला राग तो.

संक्रांत होऊन गेली होती, पण तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. वर राहणाऱ्या बायका-मुलांना जरा बरं वाटावं म्हणून मंडळाने छोटा कार्यक्रम ठरवला. उघड सण म्हणायची सोय नव्हती, म्हणून स्नेहमेळावा. सेक्रेटरीसाहेबांनी सुवाच्य अक्षरात कागद लिहिला, वेळ लिहिली आणि खाली लिहिलं, "स्थळ: गुत्ता, बलद." ते माझ्याच कंपनीत होते; तिथल्या झेरॉक्स मशीनवर त्यांनी त्याच्या पंचवीस प्रती काढल्या आणि मूळ कागद मशीनमध्येच विसरले.

लढाईचे दिवस. परक्या लिपीतला, जमण्याची वेळ लिहिलेला कागद. तो कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे गेला, त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांनी आमच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन, ही लिपी वाचणारा कोण, म्हणून विचारलं. आणि वाचायला बोलावलं कुणाला, तर सेक्रेटरीसाहेबांना.

त्यांनी स्वतःचं अक्षर ओळखलं नाही. कुणी लिहिलंय ठाऊक नाही म्हणाले. पण त्यांना भाषेचा दांडगा अभिमान. "या शब्दाचा अर्थ काय?" असं विचारल्यावर त्यांनी तो अचूक सांगितला. गुत्ता म्हणजे मूळ अर्थी मक्ता. त्यावरून सरकारी मक्त्याने चालणारं दारूचं दुकान. ते त्यांनी इंग्रजीत सांगितलं, समोरच्याने अरबीत लिहून घेतलं. संध्याकाळी आम्हाला हे सगळं सांगताना ते म्हणाले, "मी म्हटलं, निदान अर्थ तरी चुकीचा जायला नको." हे एका खाणावळीचं गमतीचं नाव आहे असं त्यांना सांगता आलं असतं, अडाण्यासारखं "माहीत नाही" म्हणता आलं असतं. पण मराठी शब्दाचा अर्थ विचारला आणि आपल्याला येत नाही, हे त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीवाले बलदमध्ये आले; आपली माणसं जमतात असं घर तिथे एकच, ते शोधायला त्यांना वेळ लागला नाही. मी तिथेच जेवत होतो. दार उघडताच त्यांना आंबूस वास आला. बरणीवरचं फडकं सोडलं तर आत फेस. चाचांची अरबी त्यांच्याइतकीच साफ होती. "खमीरा," ते म्हणाले, "भाकरीसाठी, खमीरा." अरबीत खमीरा म्हणजे आंबवण आणि खमर म्हणजे दारू. हातात दारूचं दुकान असं लिहिलेला कागद असल्यावर त्या शब्दाचा पुढचा भाग कुणाला ऐकू जाणार? बरणी तपासायला म्हणून नेली. खाणावळीला कुलूप लागलं. चाचांचा कफील, घराचा मालक, ऐंशीचा शेख, काठी टेकत पोलीस ठाण्यात गेला आणि चाचांना कोठडीत जाऊ दिलं नाही, एवढं त्याने केलं.

तिथला अधिकारी तसा सरळ होता, हे मला सांगितलं पाहिजे. तो चाचांना म्हणाला, "मी तुला चोर म्हणत नाही. पण हे तुझ्याच लोकांनी लिहिलंय. ज्यांचं ते मंडळ आहे, त्यांच्यातल्या तिघांनी येऊन सही करावी की ही थट्टा होती. तीन दिवस देतो." सलीम आणि बंदरावर कामाला असलेले, रोज चाचांकडे जेवणारे चार जण लगेच जाऊन उभे राहिले. अधिकाऱ्याने विचारलं, हा कागद तुमचा? ते नाही म्हणाले. मग तुमची सही कशी चालेल?

सही आमचीच हवी होती. मंडळात जेद्दाचा इकामा असलेले आम्ही अकरा जण होतो. पैकी तिघांनी दोन ओळी लिहायच्या होत्या. नाहीतर चाचांच्या पासपोर्टवर खुरूजचा शिक्का, म्हणजे कायमचं परत जा.

सेक्रेटरीसाहेबांच्या घरी, टेप लावलेल्या खिडक्यांच्या आड आम्ही बसलो. एक म्हणाला, मेळावा कसला होता असं विचारलं तर? दुसरा म्हणाला, माझी मुलं इथल्या शाळेत आहेत. तिसरा म्हणाला, "अशा वेळी नाव कुठे येऊ नये, लढाई संपू दे, मग बघू." सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "तत्त्वतः आपण सगळे चाचांच्या पाठीशी आहोतच." चहा झाला. रियाधहून आलेल्यांना मी दोष देत नाही; त्यांच्याकडे कागदच नव्हते. आमच्याकडे होते. आणि आमच्यातल्या प्रत्येकाच्या अंगावर चाचांच्या भाकरीचं मांस चढलेलं होतं. तरीही एकही हात वर झाला नाही. तिथून उठून मी बलदला गेलो.

चाचा वरच्या खोलीत होते. बरणीचं ते मलमलीचं फडकं गडबडीत खाली राहिलं होतं, ते त्यांनी वाळत घातलं होतं. मला पाहून त्यांनी सतरंजी झटकली.

"नाव तू ठेवलंस ना, इंजनेर?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मंग तूच जाऊन सांग, मस्करी हाय. तू गेलास तर आणखी दोघं येतील. दोन लायनी."

मी म्हणालो, "कंपनीची परवानगी लागते, चाचा. उद्या विचारतो."

"विचार," ते म्हणाले. "मी हाय हितंच."

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितली नव्हती. मी कंपनीत विचारलं नाही. आमचा मॅनेजर भला माणूस होता, कदाचित हो म्हणाला असता, आणि तीच मला भीती वाटली. मी दिवसभर टेबलावर नकाशा उघडून बसलो. संध्याकाळी बलदला जाऊन सांगितलं, "कंपनी नाही म्हणाली, चाचा. मी खूप प्रयत्न केला." ते म्हणाले, "बरं." मला आत कुठेतरी हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला सेक्रेटरीसाहेबांच्या शब्दार्थापेक्षाही जास्त चीड येते. मॅनेजरच्या खोलीबाहेर दिवसभर कोण बसतं, तर सलीम. ते मला त्या वेळी आठवलं नाही.

तीन दिवस संपले. बरणी परत आली नाही. शेखने रदबदली करून सामान आवरायला मुदत मिळवली, त्याहून जास्त त्याच्या हातात नव्हतं.

लढाई थांबली तेव्हा आमच्या मंडळाने समुद्रकिनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात बुफे ठेवला. अकराच्या अकरा जण आले. मीही गेलो आणि जेवलो.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मला कळलं की चाचांचं विमान दुपारचं आहे. सलीमने सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी रजा टाकून बलदला गेलो. खालच्या दाराला कुलूप होतं, मी बाजूच्या जिन्याने वर चढलो. खोलीत एक पत्र्याची ट्रंक आणि दोरीने बांधलेली वळकटी. भिंतीशी सलीम आणि बंदरावरचे ते चार जण मांडी घालून जेवत होते. कोपऱ्यात स्टोव्ह भणभणत होता आणि त्याच्यावर मोदकपात्रात सांदणं.

मी बघतच राहिलो. फडक्यात वाळलेलं आंबवण चाचांनी खजुराच्या पाण्यात भिजवून, पुन्हा पीठ घालून, दहा-बारा दिवस राखून बुढीला उठवलं होतं. उरलेली एका लहान डब्यात भरून, वर तेच फडकं बांधून, ट्रंकेच्या बाजूला ठेवली होती. सांदणं नेहमीसारखी पांढरी आणि जाळीदार होती. चाचा एकेकाच्या तोंडाकडे बघत वाढत होते. एकाला नारळाचं दूध, एकाला सुक्या बोंबलाची चटणी. कुणाला विचारत नव्हते. त्यांच्या मागे भिंतीवर लाल दोऱ्याची कढई अजून टांगलेली होती. ती त्यांनी सामानात घेतली नव्हती आणि कुणाला दिलीही नव्हती.

सलीमने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी दारातच बूट काढले. काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. चाचा उठले. त्यांनी मला बसायला सतरंजीची घडी टाकली, समोर ताटली ठेवली, पाण्याचा ग्लास भरला. सगळं नीट, व्यवस्थित. मग खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि माझ्या तोंडाकडे न बघता विचारलं,

"काय खाणार, साहेब?"

 मी "सांदण" म्हणालो. आठ वर्षांत ते मला पहिल्यांदा मागावं लागलं.